चांदीचा भाव आणि नाण्याची किंमत

२०२५च्या फेब्रुवारीत ‘छावा’ चित्रपट आला आणि मार्चमध्ये असीरगडाच्या पायथ्याशी माणसे रात्री टॉर्च लावून शेते उकरू लागली. चित्रपटात बुऱ्हाणपूर आणि मोगलांचा खजिना, त्यात रस्त्याच्या कामातून निघालेली माती शेतात येऊन पडलेली. एवढ्या भांडवलावर सोन्याच्या मोहरा सापडतात अशी आवई उठली. बातम्या झाल्या, पोलीस आले, शेतांत खड्डे तेवढे राहिले. संभाजी महाराजांच्या सैन्याने १६८१ साली बुऱ्हाणपूर लुटले हे खरे. पण जमिनीत सापडलेला ठेवा परस्पर घरी नेता येत नाही, तो सरकारला कळवावा लागतो, असे सांगणारा कायदा १८७८पासून आहे हेही खरे. टॉर्च घेऊन निघालेल्यांपैकी कोणी तो वाचला असेल असे वाटत नाही.

डोईफोडिया त्याच बुऱ्हाणपूर जिल्ह्यातले, खकनार तालुक्यातले, सातपुड्याच्या बाजूचे गाव. महाराष्ट्राची सीमा जवळ, त्यामुळे कानावर मराठी, हिंदी, निमाडी आणि कोरकू अशी सरमिसळ. इथल्या मातीत काय आहे ते सांगता येणार नाही. कपाटांत काय असते ते सांगता येते. ‘चांदीचे नाणे आहे, बघा बरं’ म्हणून जे पुढे केले जाते त्यात राणीछाप आणि जॉर्जछाप रुपये असतात, बहुतेकांना माळेसाठी कडी डाकलेली. गांधीजींचे दहा रुपयांचे नाणे असते, १९६९-७०च्या सुमाराचे, वडिलांनी किंवा आजोबांनी बँकेतून दर्शनी किमतीला आणलेले. धनत्रयोदशीला सराफाकडून घेतलेले लक्ष्मी-गणपतीचे नाणे असते, ज्याला नाणे म्हणतात पण जे नाणे नव्हे. आणि क्वचित एखाद्या घरात मखमली पेटी निघते. आत प्लास्टिकच्या डबीत तळहात भरेल एवढे शंभर रुपयांचे नाणे, आरशासारखे लखलखीत. घरातले कोणी रेल्वेत, बँकेत किंवा नेपानगरच्या कागद कारखान्यात होते, त्यांनी मुंबईच्या टाकसाळीत पैसे भरून मागवलेले. पेटी कोणी फारशी उघडत नाही आणि तिची किंमत कोणालाच माहीत नसते. मागवणारा सांगायला उरलेला नसतो, आणि मुलांना एवढेच ठाऊक असते की ‘चांदीचे आहे’.

ही पुस्तिका या चौथ्या प्रकारासाठी आहे. आधीच्या तीन प्रकारांबद्दल तिच्यात जे आले आहे ते चौथ्याची त्यांच्याशी गल्लत होऊ नये म्हणून.

खास प्रसंगासाठी खास नाणे पाडायचे ही रीत आमच्या जिल्ह्याला परकी नाही. १६०१च्या सुरुवातीला अकबराने असीरगड घेतला आणि त्या विजयाची म्हणून सोन्याची मोहर पाडली. तिच्यावर ससाण्याचे चित्र आहे. वर्ष अकबराच्या इलाही सनाचे, ४५. मोगलांच्या नाण्यांवर चित्र म्हणजे अपवादच, सगळा भर अक्षरांवर. म्हणून ही मोहर अभ्यासकांच्या डोळ्यांत भरते. आपल्याकडच्या स्मारक नाण्यांचा इतिहास लिहायचा तर पहिल्या काही पानांत असीरगडाचे नाव घ्यावे लागते. बुऱ्हाणपूरची टाकसाळ त्यानंतरही दीर्घकाळ चालली. मोगल रुपयांवर या शहराचा उल्लेख ‘दार-उस-सुरूर’ म्हणजे आनंदाचे घर असा येतो, आणि पुढे शिंद्यांच्या अमलातही इथे रुपये पडले. नेहमीच्या रुपयाची चकती ठशापेक्षा लहान, त्यामुळे अर्धी अक्षरे नाण्याच्या बाहेर जायची. दरबारात नजर करण्यासाठी मात्र मोठ्या, सपाट चकतीवर पुरा ठसा उमटवलेला नजराणा रुपया पाडत. व्यवहारासाठी एक आणि पाहण्यासाठी एक, ही विभागणी तेव्हापासूनची आहे. आजचे प्रूफ नाणे त्या नजराणा रुपयाच्या वंशातले आहे असे मी मानतो.

प्रूफ नाणे तयार होते ते असे. चांदीची कोरी चकती आधी घासूनपुसून चकचकीत करतात. ठशाचा सपाट भाग आरशासारखा घोटतात आणि चित्राचा, अक्षरांचा भाग बारीक खरखरीत ठेवतात. मग साध्या नाण्याला जिथे एक दाब पुरतो तिथे जास्त जोराने, एकाहून अधिक वेळा दाब देतात. नाणे हाताने उचलतात, पोत्यात पडू देत नाहीत, हातमोजे घालून डबीत ठेवतात. त्यामुळे मोकळी जागा काळीभोर आरशासारखी दिसते आणि चेहरा, सिंह, अक्षरे दुधी पांढरी. नाणे उजेडात थोडे तिरके केले की आरसा आणि दुधी भाग यांची अदलाबदल झाल्यासारखी वाटते. प्रूफ ओळखण्याची पहिली खूण हीच. दुसरी खूण कडेला असते. चांगल्या प्रूफची किनार काटकोनात उभी, बोटाला टोचेल इतकी धारदार असते. टाकसाळ त्याच नाण्याचे दुसरे रूपही विकते, ‘अनसर्क्युलेटेड’. तेही कोरेच, वापरात न आलेले. पण त्यावर आरसा नसतो, एकसारखी रेशमी चमक असते. दोघांची चांदी तेवढीच असते, बाजारातली किंमत मात्र वेगळी.

स्वतंत्र भारताचे पहिले स्मारक नाणे १९६४चे, पंडित नेहरूंचे, पण ते निकेलचे. चांदीची सुरुवात गांधी जन्मशताब्दीच्या दहा रुपयांपासून झाली. वजन १५ ग्रॅम, चांदी ८० टक्के. हे नाणे लाखांनी पडले, म्हणून ते घराघरांत सापडते. त्याचे प्रूफ मुंबईच्या टाकसाळीत पडले आणि त्यावर इंग्रजी ‘बी’ हे अक्षर आहे. साध्या नाण्यावर मुंबईची खूण म्हणजे छोटा हिरा; कोलकात्याच्या नाण्यावर खूणच नसते. पेटीतले नाणे भिंगाखाली धरले आणि ‘बी’ दिसला, तर पुढचा सगळा हिशेब बदलतो.

१९७०-७१ला ‘सबके लिये अन्न’चे दहा रुपये आले, तेही ८० टक्क्यांचे. १९७२ला स्वातंत्र्याच्या पंचविशीचे दहा रुपये आले तेव्हा चांदी निम्म्यावर आली. १९७३ला ‘अधिक अन्न उगाओ’चे दहा आणि वीस रुपये, दोन्ही निम्म्या चांदीचे. आणि १९७४ला खरा खड्डा आहे, ज्यात मी पुष्कळांना पडताना पाहिले. त्या वर्षीचे नियोजित परिवाराचे दहा रुपयांचे नाणे दिसायला आदल्या वर्षीच्या भावासारखे, आकार तोच, चमक तीच. पण ते तांबे-निकेलचे आहे, त्यात चांदीचा कण नाही. त्या संचात चांदी फक्त पन्नास रुपयांच्या नाण्यात आहे. पुढची काही वर्षे हाच प्रकार राहिला. चांदी वरच्या नाण्यात, दहाचे नाणे नुसते देखणे. १९८२च्या आशियाई खेळांच्या संचातही शंभर, दहा, दोन रुपये आणि पंचवीस पैसे अशी चार नाणी आहेत, चांदी पहिल्यात. पेटीवर चांदी लिहिले म्हणून पेटीतले सगळे चांदीचे, असे समजून भावंडांत वाटणी केलेली मी ऐकली आहे. ज्याच्या वाट्याला दहाचे आले त्याला अजून कोणी सांगितलेले नाही, आणि मीही सांगणार नाही.

शंभर रुपयांचे नाणे ऐंशीच्या दशकात आले आणि तिथून एक साचा ठरून गेला: ४४ मिलिमीटर व्यास, ३५ ग्रॅम वजन, कडेला २०० खाचा, आणि मिश्रधातू ५० टक्के चांदी, ४० टक्के तांबे, ५ टक्के निकेल, ५ टक्के जस्त. लोकमान्य टिळकांच्या दीडशेव्या जयंतीचे शंभर रुपये, डॉ. आंबेडकरांच्या १२५व्या जयंतीचे २०१५चे १२५ रुपये, नव्या संसद भवनाचे २०२३चे ७५ रुपये अशी बहुतेक मोठी नाणी याच साच्यातली. एक अपवाद तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या सहस्राब्दीचे एक हजार रुपयांचे. त्यात चांदी ८० टक्के आहे. आणि ही चार धातूंची मिसळ काही हौसेतून आलेली नाही. दुसऱ्या महायुद्धात चांदीची ओढाताण झाली तेव्हा १९४० साली सरकारने रुपयातली चांदी बारांत अकरा भागांवरून निम्म्यावर आणली, तेव्हाची ही मिसळ. जुन्या सराफांना हे पक्के ठाऊक असते. राणीछाप रुपया ते डोळे मिटून घेतात, पण चाळीसनंतरचा जॉर्जछाप आला की हात आखडता घेतात. नव्या शंभरच्या नाण्याकडेही ते त्याच नजरेने पाहतात, आणि धातूपुरते त्यांचे चूक नाही.

आता ओळखण्याबद्दल. माझा आग्रह असा की नाणे हातात आले की आधी त्यावर काय लिहिले आहे ते वाचावे, मग मोजावे आणि सगळ्यात शेवटी धातूचा विचार करावा. आपल्याकडे नेमके उलटे चालते. वाचताना तीन गोष्टी पाहायच्या. अशोकस्तंभाचे सिंह. ‘भारत’ आणि ‘इंडिया’ ही नावे. आणि आकड्यात मूल्य. सराफाकडच्या लक्ष्मी-गणपतीवर यातले काही नसते. ते चांदीचे पदक आहे, शुद्ध ९९९ची चांदी असेल तर धातू म्हणून उत्तमच आहे, पण नाणेसंग्राहक त्याला चांदीच्या भावापलीकडे सहसा काही देणार नाही. रुपयाचे चिन्ह, रवर दोन आडव्या रेघांचे, सरकारने २०१० साली स्वीकारले आणि नाण्यांवर ते त्यानंतर आले. १९८५च्या नाण्यावर ते चिन्ह दिसले तर भिंग खाली ठेवा, पुढे पाहायची गरज नाही. मुंबईच्या अलीकडच्या प्रूफवर ‘बी’च्या जागी ‘एम’ असतो, नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धापासून. हैदराबादची खूण तारा, नोएडाची ठिपका. पण या विषयात जास्त करून मुंबई आणि कोलकाताच भेटतात. नाण्यावरचे वर्ष हे प्रसंगाचे वर्ष असते, विक्रीचे असेलच असे नाही, म्हणून पावतीवर पुढचे वर्ष दिसले तर दचकू नका.

मोजण्यासाठी व्हर्नियर आणि सराफाचा काटा पुरतो. ४४ मिलिमीटर, ३५ ग्रॅम. टाकसाळ दोन्हीत किंचित सूट धरते, पण ३१ ग्रॅमचे शंभर रुपये टाकसाळीने पाडलेले नसतात. खाचा मोजा, हे काम कंटाळवाणे असले तरी नकली ठसा करणारे सहसा त्यातच फसतात, चेहऱ्यावर मेहनत घेतात आणि कडेकडे दुर्लक्ष करतात. चुंबकाला चिकटले तर प्रश्नच मिटला. न चिकटले म्हणून चांदी ठरत नाही, तांबेही चिकटत नाही. धातूची खात्री करायची तर बुऱ्हाणपूर किंवा जळगावच्या मोठ्या पेढीत क्ष-किरणांचे यंत्र असते, ते नाण्याला न ओरखडता टंच सांगते. पण ते वरच्या थरापुरते बोलते. जाड मुलामा असेल तर ते फसू शकते, म्हणून यंत्राच्या आकड्याबरोबर वजन आणि व्यास जुळले पाहिजेत. कसोटीच्या दगडावर प्रूफ नाणे घासू देऊ नका. सराफ सवयीने हात पुढे करतो. तुम्ही डबी मागे घ्या.

नकलीपेक्षा अधिक त्रास देतात ती अदलाबदलीची नाणी. प्रूफच्या पेटीत अनसर्क्युलेटेड नाणे बसवून विकणे हा जुना हातखंडा आहे, आणि त्यात खोटे असे काही नसते. नाणे खरे, पेटीही खरी, फक्त दोघांचा संबंध खोटा. याहून अवघड प्रकार इंग्रजी अमलातल्या नाण्यांचा. मुंबई आणि कोलकात्याच्या टाकसाळी जुन्या ठशांवरून संग्राहकांसाठी पुन्हा नाणी पाडून देत, ही प्रथा १९७०च्या सुमारापर्यंत चालली. व्हिक्टोरियाच्या वर्षाचे, आरशासारखे, पण पाडलेले कितीतरी नंतर. अशी नाणी टाकसाळीचीच आहेत, त्यांना किंमतही आहे, मात्र मूळ प्रूफची नाही. तो फरक ओळखणे फोटोवरून होत नाही.

आणि एक प्रकार तर नाणेच नव्हे. रामदरबार किंवा हनुमान असलेले, ‘ईस्ट इंडिया कंपनी १८१८’, ‘हाफ आना’ अशी अक्षरे असलेले. कंपनीने असला अर्धा आणा कधी पाडला नाही. ही जत्रांत विकली जाणारी पदके आहेत. ती तांदूळ ओढतात, त्यांच्यात वीज असते, परदेशी कंपनी कोटी देते, असल्या गोष्टी सांगून सातपुड्याच्या दोन्ही अंगांच्या खेड्यांत लोकांचे पैसे काढले गेले आहेत. रिझर्व्ह बँकेने २०२१च्या ऑगस्टमध्ये जाहीर सांगितले की जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीत बँक पडत नाही आणि त्यासाठी कोणाकडून शुल्कही घेत नाही. मोबाइलवर ‘शिवाजी महाराजांचे दोन रुपये असतील तर लाखो मिळवा’ असा संदेश येतो. ते १९९९चे नाणे मी मोठ्या प्रेमाने ठेवले आहे. ते तांबे-निकेलचे आहे, भरपूर पडले आहे, आणि त्याचे लाख रुपये कोणी देत नाही.

किंमत पडते ती बहुधा घरातच. लक्ष्मीपूजनाला कपाटातली चांदी ताम्हणात येते, त्यात ही पेटीही उघडते. डबीचे झाकण काढून नाणे पळीने दूध, दही, तूप, मध, साखर यांच्या अभिषेकाला बसते. मग कोमट पाणी, मऊ फडके, हळदकुंकवाचे बोट, अक्षता. दुसऱ्या दिवशी नाणे थोडे मळकट दिसते म्हणून वहिनी रांगोळी किंवा दंतमंजन घेऊन ते उजळवतात, आणि ते खरोखरच उजळते. भिंगाखाली पाहिले तर आरशावर गोल गोल बारीक ओरखड्यांचे जाळे झालेले असते, गांधीजींच्या गालावरचा दुधी पापुद्रा निघालेला असतो, अक्षरांच्या मात्रेत पिवळसर कण अडकलेला असतो. एका दिवाळीत ते प्रूफ नाणे चांदीची चकती होऊन बसते. लक्ष्मीचा यात काही दोष नाही. पूजेला राणीछाप घ्या. ते सतरा हातांतून गेलेले आहे, त्याला दह्याचे काही वाटत नाही.

नाणे खणखणीत आहे का ते फरशीवर वाजवून पाहण्याचीही आपली जुनी सवय. राणीछापाला ती शोभते. प्रूफ एकदा वाजवले की कडेला टिचका पडतो आणि तो जन्माचा राहतो.

निम्म्या चांदीच्या नाण्यात तांबे ४० टक्के असते, त्यामुळे ते शुद्ध चांदीपेक्षा वेगळे काळवंडते, तपकिरी, कधी हिरवट. पावसाळ्यात कपाटात दमट हवा कोंडते तेव्हा हे पटकन होते. मऊ प्लास्टिकचे खिसे असलेले अल्बम काही वर्षांनी हिरवा चिकट थर सोडतात. ते वापरू नका. पेटीला रबरबँड लावू नका, रबरातल्या गंधकाने चांदी काळी पडते आणि रबरबँडची रेघ नाण्यावर उतरलेली मी पाहिली आहे. काही मूळ पेट्यांतली मखमल आणि तिच्याखालचा डिंकही डाग पाडतो. नाणे कडक पारदर्शक डबीत, मूळ पेटी आणि प्रमाणपत्र वेगळे, सोबत सिलिका जेलची पुडी, एवढे पुरे. नाण्यावर आलेला निळसर-सोनेरी झाक असलेला डाग मात्र काढायच्या फंदात पडू नका. त्याला जगभर मागणी आहे, आणि काढताना जे जाते ते परत येत नाही.

आता भाव. प्रत्येक चांदीच्या प्रूफला तीन किमती असतात, आणि सगळी भांडणे त्यांची गल्लत झाल्याने होतात. पहिली मोडीची. २०२५मध्ये चांदी किलोला लाखाच्या वर गेली; सोपा हिशेब म्हणून ग्रॅमला शंभर रुपये धरा. गांधीजींच्या दहा रुपयांत १२ ग्रॅम शुद्ध चांदी, म्हणजे १२०० रुपये. ३५ ग्रॅमच्या शंभर रुपयांत साडेसतरा ग्रॅम, म्हणजे १७५०. बृहदीश्वराच्या हजारात २८ ग्रॅम, म्हणजे २८००. राणीछाप रुपयात पावणेअकरा ग्रॅमच्या आतबाहेर, म्हणजे जेमतेम १०७०. नाण्यावरच्या आकड्याचा आणि आतल्या चांदीचा मेळ बसत नाही हे यावरून दिसेल. हा कागदावरचा हिशेब झाला. प्रत्यक्षात सराफ निम्म्या चांदीच्या नाण्याला घट जास्त धरतो, कारण ती चार धातूंची मिसळ गाळून वेगळी करायला खर्च येतो. शिवाय नाणे वितळवणे २०११च्या नाणे कायद्याने निषिद्ध आहे, हे विकणाऱ्याने आणि घेणाऱ्यानेही लक्षात ठेवावे.

दुसरी किंमत टाकसाळीची. तिच्यात चांदी, मजुरी, पेटी, कर सगळे येते, म्हणून ती मोडीपेक्षा बरीच वर असते. नवे नाणे घेतल्याच्या दुसऱ्या वर्षी विकायला काढले की बहुतेकदा तोटा होतो, हे घेतानाच कबूल करावे. टाकसाळ ठरावीक मुदतीत नोंदणी घेते आणि मागणीप्रमाणे पाडते. तेव्हा ज्या विषयाला गर्दी झाली नाही त्याचे संच कमी पडतात आणि पुढे शोधावे लागतात. लोकप्रिय नेत्याचे नाणे घ्यायला रांग लागते, त्यामुळेच ते दुर्मीळ होत नाही.

तिसरी किंमत संग्राहकाची, आणि तिच्यासाठीच ही पुस्तिका. ती ठरवताना विक्रेत्याने मागितलेला आकडा पाहू नका, प्रत्यक्षात मिळालेला पाहा. मुंबईचे टोडीवाला, बेंगळुरूचे मरुधर आर्ट्स, अहमदाबादची क्लासिकल न्यूमिस्मॅटिक गॅलरी अशा लिलावगृहांचे निकाल प्रसिद्ध होतात. त्यांत प्रजासत्ताकाचे प्रूफ संचही येतात, विशेषतः सत्तरच्या दशकातले. बोलीवर लिलावगृहाचा अधिभार आणि कर पडतो, तो धरूनच तुलना करा. विकणाऱ्याच्या हाती मात्र बोलीपेक्षाही कमी पडते. संच पुरा असेल, मूळ पेटी, प्रमाणपत्र आणि माहितीचा कागद जाग्यावर असेल, तर सुट्या नाण्यापेक्षा चांगला भाव येतो. माळेत ओवलेल्या, कडी डाकलेल्या नाण्याला मोडीचाच भाव.

अमेरिकेतल्या एनजीसी आणि पीसीजीएस या कंपन्या नाणे तपासून सत्तरपैकी गुण देतात आणि सीलबंद डबीत घालून पाठवतात. गुणांची ही पट्टी विल्यम शेल्डन यांनी १९४९ला मांडलेली. अमेरिकेच्या सिल्व्हर ईगलच्या प्रूफमध्ये ६९ आणि ७० यांच्यात किमतीचा चांगला फरक पडतो, कारण तिथे तशी नाणी १९८६पासून ढिगाने पडतात आणि निवडायला वाव आहे. आपल्याकडच्या शंभर रुपयांच्या नाण्यासाठी तो खर्च करणे मला पटत नाही. १९६९चे ‘बी’ असलेले, डागविरहित नाणे हाती आले तर विचार करा. बाकी वेळा ते पैसे एखाद्या चांगल्या भिंगात घाला. परदेशातल्या नातेवाइकांनी आणलेली नाणी मात्र वेगळ्या मापाने मोजावी लागतात. ब्रिटनच्या रॉयल मिंटने २०२१च्या दिवाळीला गांधीजींचे पाच पौंडांचे नाणे काढले, सोन्यात आणि चांदीतही. ते डोईफोडियात कोणाकडे असेल तर त्याचा भाव इथल्या बाजारात नाही, लंडनच्या बाजारात विचारायचा.

नाणेशास्त्राचा पाया हवा असेल त्यांनी नाशिकजवळ अंजनेरीला परमेश्वरीलाल गुप्त यांनी उभारलेली नाणेशास्त्र संशोधन संस्था एकदा पाहावी, आणि मुंबईत फोर्टला रिझर्व्ह बँकेचे नाणेसंग्रहालय. तिथे मोहर, रुपया, पैसा एका रांगेत पाहिले की पेटीतल्या नाण्याकडे पाहायची नजर बदलते, आणि सराफाशी बोलायची भाषाही.

पुस्तिकेच्या शेवटी वर्षवार तक्ते आहेत: मूल्य, वजन, व्यास, चांदीचे प्रमाण, टाकसाळीच्या खुणा. शेजारी रिकामा रकाना ठेवला आहे. त्यात आपल्या नाण्याचे प्रत्यक्ष वजन, कोणी आणि कोणत्या साली घेतले, ते पेन्सिलीने लिहून पेटीत ठेवा. घरातल्या एकाला तरी ते वाचून दाखवा. तक्त्यात टाकसाळीच्या मूळ विक्रीकिमतीचा रकाना अजून अर्धा रिकामा आहे. कोणाकडे १९७० किंवा ८०च्या दशकातल्या संचाची मूळ पावती असेल, तर तिचा स्वच्छ फोटो संकलकाकडे पाठवावा. नाव-पत्ता झाकून पाठवला तरी चालेल. पुढच्या आवृत्तीत तो रकाना त्या पावत्यांवरूनच भरायचा आहे.